पुढची साइट धूसर दिसू लागली तर: चाळिशीनंतर नेम कसा सांभाळायचा

चाळिशी लागली की माणूस वर्तमानपत्र लांब धरून वाचू लागतो. रायफलची पुढची साइट, म्हणजे नेम जुळवायची खूण, लांब धरता येत नाही. ती नळीच्या टोकाला, डोळ्यापासून साधारण ७५ ते ९० सेंटिमीटरवर पक्की बसवलेली असते. वाचनाचं अंतर गेल्यावर काही वर्षांनी हे अंतरही जातं, आणि ते कळतही नाही, कारण लांबचं लक्ष्य अजून स्वच्छ दिसत असतं. गोळ्या पसरायला लागतात तेव्हा दोष काडतुसाला, बंदुकीला नाहीतर हाताच्या कापऱ्याला दिला जातो.

डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होतं. जवळचं पाहायला ते फुगावं लागतं, पण ते फुगेनासं होतं. चाळिशीत ही ताकद साधारण ५ ते ६ डायॉप्टर उरते, साठीच्या आसपास १ किंवा त्याहून कमी. ८० सेंटिमीटरवरची साइट स्पष्ट दिसायला १.२५ डायॉप्टर लागतात (१ भागिले मीटरमधलं अंतर). शिल्लक ताकदीच्या निम्मीच आरामात वापरता येते. म्हणून पन्नाशीत सकाळच्या पहिल्या पाच गोळ्या ठीक जातात आणि तासाभराने साइटच्या कडा विरघळू लागतात. दुसरा बदल बाहुलीचा. अंधारात तरुणपणी ती ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ५ किंवा त्याहून कमी. शिवाय भिंग पिवळसर होतं. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या जवळपास एक तृतीयांश असतो. संधिप्रकाशात हा फरक फार महागात पडतो, पण त्याबद्दल शेवटी.

आधी एक भोक पाडून बघा

चष्मा, स्कोप (रायफलवरची दुर्बीण), नवी साइट यांवर खर्च करण्याआधी एक तपासणी फुकटात होते. काळ्या जाड कागदाला शिवणाच्या सुईने साधारण १ ते १.२ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या कडा साफ हव्यात, धागे लोंबायला नकोत. नेहमीचा लांबचा चष्मा घालून, उजेडात, नेमाच्या डोळ्यासमोर कागद धरा. साइटच्या अंतरावर उभी केलेली २ मिलिमीटर जाडीची पट्टी किंवा खिळा आधी कागदाशिवाय बघा, मग भोकातून.

भोकातून पट्टीच्या कडा स्वच्छ झाल्या तर अडचण फोकसची आहे, आणि या लेखातले बहुतेक उपाय लागू पडतील. भोकातूनही धूसरच दिसलं, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार असू शकतो, तिथे साइट बदलून काही होणार नाही. नेत्रतज्ज्ञाकडे जा. सरळ रेषा वाकड्या दिसणं, डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेला वीज चमकल्यासारखं होणं किंवा पडदा सरकल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट: साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नेमाची काच बनवायला द्या, नाहीतर ती महिन्याभरात निरुपयोगी होईल.

तीनपैकी कोणती गोष्ट स्पष्ट हवी

खाचेची मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य, ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात. तरुण डोळाही तिन्ही एकदम स्पष्ट पाहत नाही. तो इतक्या झपाट्याने फोकस बदलतो की तसा भास होतो. वय वाढल्यावर हा खेळ बंद पडतो, म्हणून निवड करावी लागते, आणि उघड्या साइटवर ती नेहमी पुढच्या साइटची करायची.

कारण सोपं आहे. समजा दोन साइटमध्ये ५०० मिलिमीटर अंतर आहे. पुढची साइट खाचेत फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी १० मिलिमीटर सरकते. चूक शंभरपट होते. उलट साइट एकमेकींशी बरोबर जुळल्या आहेत आणि सगळी बंदूकच ५ मिलिमीटर बाजूला गेली आहे, तर गोळीही तेवढीच, ५ मिलिमीटर, बाजूला जाईल. लक्ष्य धूसर दिसलं तरी ते सगळ्या बाजूंनी सारखंच धूसर असतं, त्याचा मध्य डोळ्याला सापडतो. धूसर साइटची कड मात्र कुठे संपते ते कळत नाही.

ती किती धूसर असते? फोकस बदलण्याची ताकद संपलेला डोळा लांबवर स्थिर असेल, तर साइटवर दिसणारा धूसरपणाचा पट्टा जवळपास बाहुलीच्या व्यासाएवढा असतो. बाहुली ३ मिलिमीटरची तर पट्टाही ३ मिलिमीटरचा. आणि साइटचं पातं स्वतः दोनेक मिलिमीटर रुंद! पातं आपल्याच सावलीत बुडालेलं असतं. हा पट्टा दोन प्रकारे कमी होतो: काच बदलून किंवा डोळ्यापुढचं भोक लहान करून. दोन्ही एकत्र केलं तर फायदा सगळ्यात जास्त.

नेमाची काच

वाचनाचा चष्मा इथे चालत नाही. तो ३५–४० सेंटिमीटरसाठी बनवलेला असतो. त्यातून साइटही धूसर आणि लक्ष्य तर गायबच. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेल्या, चष्म्याचा त्रास वेगळा. दस्त्यावर गाल टेकला की मान पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. साइटला हवा असलेला मधला नंबर काचेच्या मध्यभागी, म्हणजे खाली राहतो. मग तो नंबर पकडायला डोकं मागे टाकलं जातं, गाल दस्त्यावरून सुटतो आणि गोळी वर जाते.

हवी ती एकाच नंबरची काच. लांबचा नंबर काटेकोर काढून घ्यायचा, त्यात थोडा प्लस मिळवायचा. किती? साइटच्या अंतराला लागणाऱ्या डायॉप्टरच्या साधारण निम्मा. रायफलसाठी बहुधा +०.५०, हात लांब करून धरलेल्या पिस्तुलासाठी, जिथे साइट ६०–७० सेंटिमीटरवर येते, +०.७५. अशी काच साइट आणि लक्ष्य या दोघांच्या मध्ये तडजोड करते. +०.५० ने डोळा २ मीटरवर स्थिरावतो, साइटवरचा पट्टा ३ मिलिमीटरवरून १.८ वर येतो आणि लक्ष्य किंचितच मऊ होतं.

मिळवायचं म्हणजे बेरीज करायची, चिन्हासकट. लांबचा नंबर शून्य असेल तर काच +०.५०. +१.०० असेल तर +१.५०. −२.०० असेल तर −१.५०, आणि इथेच घोटाळा होतो: पुष्कळदा −२.५० बनवून मिळते आणि नेम आधीपेक्षा बिघडतो. सिलिंडरचा (एकाच दिशेच्या धूसरपणासाठीच्या नंबराचा) आकडा जसाच्या तसा राहतो. पण त्याचा अक्ष बघा. दस्त्यावर डोकं तिरकं होत असेल तर डोळ्याच्या मानाने काचेचा अक्ष फिरत नाही, कारण चष्मा डोक्याबरोबरच फिरतो. मात्र चष्मा नाकावरून सरकून वाकडा झाला तर फिरतो. अक्ष १० अंश चुकला की सिलिंडरच्या एक तृतीयांश दोष परत येतो, ३० अंश चुकला की काचेचा फायदा संपतो. सिलिंडर १.०० च्या वर असेल तर कानामागे घट्ट बसणारी फ्रेम घ्या.

चष्म्याच्या तपासणीला जाताना बंदूक नेऊ नका. घरी, बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासून, नेहमीच्या बैठकीत नेम धरा आणि डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. तेवढ्याच लांबीची काठी घ्या, टोकाला साइटएवढी काळी पट्टी चिकटवा. ती काठी घेऊन जा. लांबचा नंबर चाचणी-फ्रेममध्ये बसवून झाला की काठी गालाशी धरा आणि त्यावर +०.२५, मग +०.५०, मग +०.७५ लावून बघा. पट्टीच्या कडा ज्या सगळ्यात कमी प्लसने कातरल्यासारख्या दिसतात, तो नंबर तुमचा. जास्त प्लस सुरुवातीला छान वाटतो, पण लक्ष्य खातो. ही शेवटची पायरी दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात करा. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी असते आणि तिथे गरजेपेक्षा पाव डायॉप्टर जास्त घेतला जातो.

काचेचा ऑप्टिकल मध्य तुमची नजर जिथून जाते तिथे यायला हवा. त्यासाठी जुन्या चष्म्यावर, नेम धरलेल्या अवस्थेत, नजर जाते त्या जागी मार्करने ठिपका करून चष्मेवाल्याला द्या. काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची घ्या. साध्या काचेचा किंवा प्लॅस्टिकचा चष्मा उडालेल्या तुकड्यापासून वाचवत नाही. पॉलिकार्बोनेटमध्ये मध्यापासून दूर पाहिलं की कडांना रंगीत झालर दिसते, म्हणून कोपऱ्यातून नेम धरणाऱ्यांना ट्रायव्हेक्स बरा. दुसऱ्या डोळ्यापुढे पूर्ण लांबचा नंबरच ठेवा.

भोकाची साइट

खाचेची मागची साइट काढून तिथे, डोळ्याच्या जवळ, भोकाची साइट बसवणं हा सगळ्यात फायद्याचा यांत्रिक बदल आहे. तीनपैकी एक अंतर कायमचं बाद होतं, कारण भोकाकडे बघायचंच नसतं, भोकातून बघायचं असतं. डोळा पुढची साइट आपोआप मध्यभागी आणतो. वर बाहुलीचं काम भोक करतं. १.२ मिलिमीटरच्या भोकातून +०.५० ची काच लावून पाहिलं तर ८० सेंटिमीटरवरच्या साइटचा पट्टा पाऊण मिलिमीटरवर येतो. आधी तो ३ होता.

भोक किती? कागदी लक्ष्यावर, चांगल्या उजेडात, १.० ते १.२ मिलिमीटर. १ च्या खाली गेलं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे (भोकाच्या कडेशी तो पसरतो म्हणून) कडा पुन्हा मऊ पडतात आणि चित्र काळवंडतं, तेव्हा ‘लहान तेवढं बरं’ हे खरं नाही. कमी-जास्त होणारी आयरिस-साइट असेल तर मोठ्यापासून सुरुवात करून पुढच्या साइटची कड टोकदार होईपर्यंतच लहान करा, त्यापुढे नको. रानात मात्र १.२ मिलिमीटर चालणार नाही. सावलीत काहीच दिसत नाही आणि जनावर चालतं असेल तर ते भोकातून सापडत नाही. तिथे २.५ ते ४ मिलिमीटरचं, पातळ कडेचं भोक. धूसरपणा तेवढा कमी होत नाही, पण दोन अंतरांचाच खेळ उरतो.

पुढच्या साइटवर गोल कडं लावत असाल तर घट्ट घेऊ नका. काळ्या ठिपक्याभोवती पांढऱ्याची रुंद पट्टी दिसायला हवी. पट्टी बारीक झाली की म्हातारा डोळा ती धरून ठेवू शकत नाही, मध्येच हरवते. पात्याच्या साइटला खाचेत दोन्ही बाजूंनी उजेडाच्या फटी हव्यात, प्रत्येकी पात्याच्या किमान अर्ध्या रुंदीच्या. त्या कमी पडत असतील तर खाच रुंद करा, पातं बारीक करू नका.

रंगाबद्दल: दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत संवेदनशील असतो आणि अंधार पडू लागला की आणखी निळ्याकडे सरकतो. म्हणून फायबरच्या साइटमध्ये हिरवा घ्या. लाल दुपारी उठून दिसतो आणि सांजेला काळा पडतो. फायबरवर एका बाजूने ऊन पडलं की तीच बाजू उजळते आणि डोळा पात्याऐवजी त्या उजेडावर मध्य धरतो. गोळी उन्हाच्या उलट्या बाजूला जाते. कागदावर अचूक मारायचं तर काजळी धरलेलं काळंभोर पातंच खरं.

छर्‍याच्या बंदुकीला यातलं काही लागू नाही. तिथे नजर उडत्या लक्ष्यावर असते, पुढच्या मण्यावर नसतेच. पूर्ण लांबचा नंबर घाला, प्लस मिळवू नका.

स्कोप

स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य एकाच अंतरावर दिसतात, म्हणून कायदा आणि बंदूक परवानगी देत असेल तर हा सरळ मार्ग. पण डोळ्याकडच्या टोकाचा फोकस न लावता वापरलेला स्कोप निम्माच कामाचा. तो असा लावायचा: जो चष्मा घालून नेम धरणार तोच घाला. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा, सूर्याकडे कधीच नाही. आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं टोक, पूर्ण बाहेर फिरवा. नजर लांब कुठेतरी ठेवा, मग स्कोपमध्ये दोन-तीन सेकंदच डोकावा. फुली पहिल्या क्षणीच टोकदार दिसली का? नसेल तर आयपीस पाव फेरा आत घ्या, पुन्हा लांब बघा, पुन्हा डोकवा. टक लावून फिरवत राहिलात तर उरलीसुरली फोकसची ताकद चूक झाकते आणि थकल्यावर फुली पुसट होते. जागा सापडली की खूण करा. हा फोकस गोल नंबर भरून काढतो, सिलिंडर नाही. सिलिंडर असेल तर चष्मा घालूनच बघावं लागेल, आणि मग डोळ्यापासून किमान ९० मिलिमीटर अंतर देणारा स्कोप हवा, नाहीतर धक्क्याने तो काचेवर आदळेल.

मोठ्या काचेच्या मोहात पडू नका. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट (चित्र जितक्या पट मोठं दिसतं तो आकडा) म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ४० मिलिमीटर, ८ पट: झोत ५ मिलिमीटर. ५६ मिलिमीटर, ८ पट: ७ मिलिमीटर. तुमची बाहुली ५ च्या वर उघडतच नसेल तर ते वरचे २ मिलिमीटर बुबुळावर पडून वाया जातात, वजन मात्र खांद्यावर. डोकं थोडं हललं तरी चित्र टिकतं एवढाच त्याचा फायदा. चालताना पट कमीत कमी ठेवा. ९ पटीवर लावून ठेवलेल्या स्कोपमध्ये जवळचं लक्ष्य शोधण्यातच संधी जाते.

लाल ठिपका

रेड डॉट साइटचा ठिपका लांबवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे लांबचा चष्मा पुरतो आणि नजर लक्ष्यावरच ठेवता येते. चाळिशीला हे औषधच. फक्त सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना ठिपका स्वल्पविरामासारखा, कधी द्राक्षाच्या घडासारखा दिसतो आणि साइट खराब आहे म्हणून परत केली जाते. आधी साइट हातात घेऊन फिरवा. फराटा साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा, जागच्या जागी राहिला तर डोळ्याचा. डोळ्याचा असेल तर सिलिंडरसह चष्मा घाला आणि उजेड कमी करा. बहुतेक जण ठिपका गरजेपेक्षा दुप्पट झगझगीत ठेवतात. तरीही सुधारलं नाही, तर काचेवर कोरलेली फुली असलेली प्रिझम साइट घ्या. तिला स्कोपसारखा आयपीस फोकसही असतो. ठिपक्याचा आकार बघून घ्या: १ एमओए (कोनाचं एकक, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. ६ एमओएचा ठिपका पटकन सापडतो, पण ५० मीटरवर जवळपास ९ सेंटिमीटर झाकतो.

डोळ्याला वेळ द्या

नेम धरून ६–८ सेकंदांत गोळी सुटली नाही तर बंदूक खाली घ्या. त्यानंतर डोळा खरं चित्र बघत नाही, आधीचीच प्रतिमा धरून ठेवतो. उतारवयात डोळे कोरडे पडतात आणि टक लावली की पाच-सहा सेकंदांत अश्रूंचा थर तुटतो, साइट ‘येते-जाते’. नेम धरण्याआधी दोनदा पूर्ण पापणी मिटा.

दुसरा डोळा मिटून ठेवायची सवय असेल तर सोडा, चेहरा ताणला जातो आणि नेमाच्या डोळ्याची बाहुलीही बदलते. रेंजवर त्या बाजूच्या काचेवर दोन सेंटिमीटरची दुधी टेप लावा. काळी नको. रानात टेप लावायचीच नाही, दोन्ही बाजूंचं दिसलं पाहिजे.

नेमाचा डोळा कोणता हे दर वर्षी पुन्हा तपासा. हात लांब करून दोन तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून लांबची वस्तू बघा, एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. मोतीबिंदू एका डोळ्यात पुढे गेला की प्रबळपणा दुसरीकडे जाऊ शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरत असेल तर नेमाची गोष्ट सर्जनला आधी सांगा. साध्या एका नंबरच्या भिंगाने कॉन्ट्रास्ट चांगला मिळतो. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्मा सुटतो, पण कॉन्ट्रास्ट घटतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. आत बसलेलं भिंग सहजी बदलता येत नाही. धक्का देणारी बंदूक पुन्हा केव्हा हाती घ्यायची तेही त्यांनाच विचारा.

रानात

प्लसची काच घातल्यावर लांबचं थोडं मऊ दिसतं, हे विसरता कामा नये. शिकारीसाठी +०.५० च्या वर जाऊ नका. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दुर्बिणीने ओळखा. ओळखायला रायफलचा स्कोप वापरणं म्हणजे अनोळखी गोष्टीवर नळी रोखणं. पिवळी काच धुक्यात कडा उठावदार केल्यासारखी वाटते, पण कोणतीही रंगीत काच प्रकाश वाढवत नाही, कमीच करते. सांजेला ती खिशात.

किती लांब मारायचं हे डोळ्याने नाही, ताटलीने ठरवा. १५ सेंटिमीटरची कागदी ताटली २५ मीटरवर लावा. रानात जी बैठक मिळेल त्याच बैठकीत, टेबलाच्या आधाराशिवाय, विश्रांतीनंतरच्या पाच गोळ्या. पाचही आत तर ताटली १० मीटर मागे न्या. एक जरी गोळी ताटलीबाहेर गेली की आधीचं अंतर ही तुमची मर्यादा, या हंगामापुरती.

प्रकाशाची मर्यादा वेगळी काढावी लागते, आणि ती बंदुकीशिवाय. पुठ्ठ्यातून दोन आकृत्या कापा, जनावराची एक आणि वाकलेल्या माणसाची एक, दोन्ही मातकट रंगाच्या. सोबत्याला त्या तुमच्या मर्यादेच्या अंतरावर, झुडपाच्या कडेला, आलटून पालटून उभ्या करायला सांगा. सूर्यास्तापासून दर पाच मिनिटांनी, नेहमीचा चष्मा आणि दुर्बीण घेऊन, कोणती आकृती आहे ते सांगा. पहिलं चुकलेलं किंवा अडखळलेलं उत्तर आलं ती वेळ लिहून ठेवा, तीतून दहा मिनिटं वजा करा. ढगाळ दिवशी पुन्हा करा, आकडा आणखी अलीकडे येईल. कायद्याने ठरलेली वेळ आणि हा आकडा यांतला जो आधीचा, त्या मिनिटाला काडतूस बाहेर काढा.